ज्ञात दोष आणि नियोजित सुधारणा : 'नेटवर्क फाइल सिस्टीम'च्या दस्तऐवजांची एक समीक्षा

सारांश

संगणकीय प्रणालींच्या निर्मात्यांनी आपल्या रचनेतील उणिवा स्वतःच नोंदवून ठेवाव्यात आणि त्यांच्या निवारणाचे संकल्पही जाहीर करावेत, ही परंपरा जुनी आहे. प्रस्तुत लेखात 'नेटवर्क फाइल सिस्टीम' (यापुढे एनएफएस) या प्रणालीच्या क्लायंटविषयीच्या अशा नोंदींची समीक्षा केली आहे. १९८५ चा मूळ निबंध, त्यानंतरचे प्रमाण दस्तऐवज आणि लिनक्सची माहितीपुस्तिका यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, कबूल केलेल्या दोषाच्या तीन गती संभवतात : तो दुरुस्त होतो, त्याला नियमाचे रूप प्राप्त होते, अथवा त्याची जबाबदारी वापरणाऱ्याकडे सोपविली जाते. तिसऱ्या गतीतील दोषाची कबुली, नुकसान सोसणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. महाविद्यालयीन अध्यापनात व परीक्षापद्धतीत याचे परिणाम कोणते, याचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : एनएफएस, क्लायंट, ज्ञात दोष, माहितीपुस्तिका, उत्तरदायित्व, प्रात्यक्षिक परीक्षा.

१. प्रस्तावना

साहित्यकृतीची समीक्षा करताना लेखकाने काय सांगितले, याबरोबरच ते कोणासाठी सांगितले आणि काय सांगावयाचे टाळले, हे प्रश्न आपण स्वाभाविकपणे विचारतो. तांत्रिक दस्तऐवजांना मात्र हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ते गरजेपुरते उघडले जातात आणि काम भागताच मिटले जातात. वस्तुतः हेही माणसांनी माणसांसाठी केलेले लेखन आहे. त्यातही निर्मात्याने स्वतःच्या कृतीचे दोष ज्यात सांगितले आहेत असे लेखन तर समीक्षेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक सी भाषेच्या प्रात्यक्षिक परीक्षेस अंतर्गत परीक्षक होता. वीस विद्यार्थ्यांच्या नोंदी फाइलमध्ये साठवून दाखविण्याचा प्रश्न होता. एका विद्यार्थिनीने प्रोग्रॅम लिहिला, तो चालविला आणि 'नोंदी साठविल्या' हा संदेश पडद्यावर आल्याचे सांगितले. तपासणीच्या वेळी फाइल उघडली असता ती रिकामी निघाली. फाइलचे नाव होते, आत एकही अक्षर नव्हते. "सर, मी साठविले होते," असे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आम्ही दोघाही परीक्षकांनी त्या भागाचे गुण दिले नाहीत. शिवाय, प्रोग्रॅम प्रत्यक्षात न चालविताच तिने तसे सांगितले असावे, असा संशयही व्यक्त झाला. काही दिवसांनी अन्य कारणासाठी त्या संगणकाच्या नोंदवहीतील संदेश पाहत असताना नेमक्या त्या वेळी सर्व्हर प्रतिसाद देत नसल्याची आणि वाट पाहण्याची मुदत संपल्याची नोंद आढळली. गुणांची दुरुस्ती आम्ही अर्ज करून करवून घेतली. घेतलेला संशय परत घेण्याची कार्यपद्धती मात्र कोणत्याही नियमावलीत नव्हती.

असे घडू शकते, हे त्या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्टपणे लिहिलेले होते. आमच्यापैकी कोणीही ते वाचलेले नव्हते. त्या लिखित वाक्यापासून ती विद्यार्थिनी इतकी दूर कशी राहिली, हा या लेखाचा मूळ प्रश्न होय.

२. विषयाची ओळख व समीक्षेचे निकष

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थी कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याला त्याच्याच फाइली दिसतात. त्या फाइली त्याच्या समोरच्या संगणकात नसून दुसऱ्या खोलीतील एका मुख्य संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये असतात. विद्यार्थ्याच्या संगणकावरील जो भाग त्या दूरच्या फाइली जवळच असल्याचा आभास निर्माण करतो, त्यास क्लायंट असे म्हणतात. ज्या ग्रंथालयात वाचकांना कपाटांपर्यंत प्रवेश नसतो, तेथील शिपायाशी याची तुलना करता येईल. वाचक चिठ्ठी लिहून देतो, शिपाई आत जाऊन पुस्तक आणतो. क्लायंटचे काम साधारणतः असेच असते. फरक इतकाच की, येथे शिपाई आहे हे वाचकाला जाणवू न देणे, हेच शिपायाचे कौशल्य मानले जाते. या प्रणालीतील बहुतेक दोषांचे मूळ याच आभासात आहे. आभास अभंग असतो तोपर्यंत क्लायंटची आठवण कोणालाही होत नाही आणि तो भंगतो तेव्हा वापरणाऱ्याला त्याचे कारण कळण्यास काही साधन उरत नाही.

दोषांच्या नोंदीची समीक्षा करण्यासाठी येथे चार निकष स्वीकारले आहेत. दोष वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या भाषेत सांगितला आहे काय? तो कोणत्या परिस्थितीत प्रकट होईल, हे सांगितले आहे काय? त्याचे नुकसान कोणी सोसावयाचे, हे स्पष्ट केले आहे काय? आणि निवारणाचा संकल्प केला असल्यास तो कोणी व केव्हा पूर्ण केला?

३. १९८५ चा निबंध : कबुलीची सुरुवात

एनएफएसची निर्मिती अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाली. रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श व बॉब लायन या पाच जणांनी तिच्या रचनेविषयीचा निबंध १९८५ च्या उन्हाळ्यात पोर्टलंड येथे झालेल्या युजनिक्स परिषदेत सादर केला. आपल्याच कंपनीच्या उत्पादनाविषयीच्या निबंधात केवळ गुणवर्णन असते तर ते कोणास वावगे वाटले नसते. तथापि या लेखकांनी कठीण प्रश्नांसाठी एक स्वतंत्र विभाग योजला आणि आपली रचना कोठे अपुरी पडते, हे एकेका उपशीर्षकाखाली सांगितले. ही बाब निःसंशय प्रशंसनीय आहे.

या रचनेचे मुख्य तत्त्व असे की, सर्व्हरने क्लायंटविषयी काहीही लक्षात ठेवावयाचे नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असावी. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर क्लायंटने तीच मागणी उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पाठवीत राहावे. बंद पडून सावरलेला सर्व्हर आणि केवळ मंद झालेला सर्व्हर यांतील फरक क्लायंटला कळत नाही, हे लेखकांनी एक सोय म्हणून नोंदविले आहे. ज्याला काही आठवत नाही असा शिपाई बदलला तरी कामात खंड पडत नाही, हा त्यामागील विचार होय. परंतु जी अज्ञता सावरण्याच्या वेळी गुण ठरते तीच अन्य वेळी दोष ठरते, याची प्रचीती पुढील नोंदींतून येते.

त्यांपैकी तीन नोंदी येथे विचारार्थ घेतल्या आहेत. पहिली नोंद घड्याळांच्या तफावतीची आहे. फाइल बदलल्याची वेळ सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे नोंदली जाते, तर प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकाचे घड्याळ पाहतो. दोहोंत अंतर पडल्यास ताजी फाइल जुनी वाटू शकते. या दोषाने बाधित झालेले तीनच प्रोग्रॅम (रॅनलिब, एलएस व ईमॅक्स) आढळले आणि ते दुरुस्त केले, असे लेखक सांगतात. पुढे घड्याळे जुळविणाऱ्या व्यवस्थेचा संकल्पही ते करतात. आपल्या निकषांवर ही नोंद उत्तम ठरते. दोष कोठे प्रकट होतो, कोणाला बाधतो आणि पुढे काय करावयाचे आहे, या सर्वांचा निर्देश तीत आहे. संकल्पही सिद्धीस गेला, मात्र तो अन्य मार्गाने. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेव्हिड मिल्स यांनी 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल'चा पहिला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि कालांतराने घड्याळांचा प्रश्न एनएफएसच्या बाहेरच बव्हंशी सुटला.

दुसरी नोंद उघड्या फाइलीसंबंधी आहे. युनिक्समध्ये एखादी फाइल उघडी असतानाही ती पुसून टाकता येते आणि ज्याने ती उघडली आहे त्याला ती वाचता येत राहते. सर्व्हरला काहीच आठवत नसल्याने हे एनएफएसमध्ये शक्य नव्हते. त्यावर उपाय म्हणून अशी फाइल पुसण्याऐवजी क्लायंटने तिचे नाव बदलावे व ती बंद झाल्यावर पुसावी, अशी योजना केली गेली. मध्येच क्लायंट बंद पडला तर एक टाकाऊ फाइल सर्व्हरवर शिल्लक राहील, हे लेखकांनी मान्य केले. तथापि ती साफ करण्याची गरज व्यवहारात कधी भासली नाही, असा दिलासाही त्यांनी दिला. या ठिकाणी समीक्षकास थांबावे लागते. तो दिलासा त्यांच्या काळापुरता व त्यांच्या संगणकांपुरता खरा असेलही. परंतु ज्यांनी महाविद्यालयीन सर्व्हर सांभाळला आहे, त्यांना बिंदूने व 'एनएफएस' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या निरर्थक नावांच्या फाइली चांगल्याच परिचित आहेत. रिकामी दिसणारी डिरेक्टरी त्यांच्यामुळेच पुसली जात नाही. लेखकांनी 'आम्हांस गरज भासली नाही' या अनुभवास 'गरज नाही' या नियमाच्या जवळ नेऊन ठेवले. दोषाच्या कबुलीतही असे सूक्ष्म समर्थन दडलेले असू शकते.

तिसरी नोंद एकाच वेळी अनेकांनी फाइल वापरण्याविषयीची आहे. दोन क्लायंट एकाच फाइलमध्ये दीर्घ मजकूर लिहू लागले तर तो परस्परांत मिसळू शकतो, असे निबंधात स्पष्ट म्हटले आहे. फाइल कुलूपबंद करण्याची सोय मूळ रचनेत हेतुपुरस्सर घेतली नव्हती, कारण सर्वांना मान्य होईल अशी पद्धती लेखकांना आढळली नाही. ही सोय स्वतंत्र सेवा म्हणून देण्याचा संकल्प त्यांनी केला. तशी सेवा पुढे आलीही. परंतु कुलूप कोणी लावले, हे लक्षात ठेवल्याशिवाय कुलूप संभवत नाही. परिणामी काहीही लक्षात न ठेवणाऱ्या प्रणालीच्या शेजारी सर्व काही लक्षात ठेवणारी दुसरी प्रणाली उभी करावी लागली आणि दोहोंचा मेळ राखण्याचे काम क्लायंटवर पडले. कुलुपाची सोय मूळ प्रणालीत सामावून घेण्यासाठी चौथ्या आवृत्तीची, म्हणजे डिसेंबर २००० पर्यंत वाट पाहावी लागली.

४. कबूल केलेल्या दोषांच्या तीन गती

४.१ दुरुस्ती

काही दोष खरोखर दुरुस्त झाले आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. १९८९ मध्ये प्रमाण दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत फाइलमधील स्थान ३२ बिटांत मोजले जाई व एका वेळी अधिकाधिक ८ किलोबाइट मजकूर पाठविता येई. जून १९९५ मधील तिसऱ्या आवृत्तीने ६४ बिटांची मोजणी स्वीकारली आणि प्रत्येक लेखन तत्काळ डिस्कवर उतरविण्याची सक्ती शिथिल केली.

दुरुस्तीचा मार्ग किती लांबचा असू शकतो, याचे उदाहरण पुन्हा पाठविलेल्या मागणीचे आहे. क्लायंटने फाइल पुसण्याची मागणी केली, सर्व्हरने ती पुसली, पण उत्तर वाटेत हरवले, अशी कल्पना करू. क्लायंट तीच मागणी पुन्हा पाठवितो आणि आता सर्व्हर 'अशी फाइलच नाही' असे उत्तर देतो. काम यशस्वी होऊनही वापरणाऱ्यास अपयशाचा संदेश मिळतो. चेट जुश्चाक यांनी १९८९ मध्ये अलीकडील मागण्यांची उत्तरे सर्व्हरने काही काळ जपून ठेवावीत, असा उपाय मांडला. त्याने दोष कमी झाला, नाहीसा झाला नाही. प्रत्येक मागणीवर नेमकी एकदाच कार्यवाही व्हावी, अशी पद्धतशीर तरतूद जानेवारी २०१० मधील ४.१ या आवृत्तीत झाली. मूळ निबंधापासून हे अंतर जवळजवळ पंचवीस वर्षांचे आहे.

सुरक्षिततेचा इतिहासही असाच आहे. मूळ रचनेत क्लायंट जो वापरकर्ता-क्रमांक सांगेल त्यावर सर्व्हर विश्वास ठेवीत असे. सनने पुढे गुप्तलेखनावर आधारित योजना आणली. तिच्यातील १९२ बिटांच्या संख्येवरील सुरक्षा लामॅकिया व ओडलिझको यांनी १९९१ मध्ये गणिती पद्धतीने भेदून दाखविली. त्यानंतर १९९७ मध्ये अधिक भक्कम ओळखपद्धतीसाठी प्रमाण दस्तऐवज आला आणि सर्व वाहतूक गुप्तलेखनाने झाकण्याचा दस्तऐवज तर सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नियोजित सुधारणा या शब्दप्रयोगातील 'नियोजित' या विशेषणाला किती काळ पुरे पडावे लागते, हे यावरून दिसते.

४.२ नियमात रूपांतर

दुसऱ्या प्रकारात दोष नाहीसा होत नाही. त्याला नाव मिळते आणि नाव मिळाल्यावर तो नियम ठरतो. वेग राखण्यासाठी क्लायंट वाचलेला मजकूर स्वतःजवळ साठवून ठेवतो. दरम्यान दुसऱ्या संगणकावरून फाइल बदलल्यास पहिल्या संगणकावर जुनाच मजकूर दिसू शकतो. यावरची तडजोड अशी की, क्लायंटने फाइल बंद करताना आपले सर्व लेखन सर्व्हरकडे पाठवावे आणि उघडताना ती बदलली आहे काय, याची चौकशी करावी. दोन उघडझापींच्या मधल्या काळाची हमी नाही. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे फाइलविषयीची माहिती न तपासता किमान ३ व कमाल ६० सेकंदांपर्यंत ग्राह्य धरली जाते. डिरेक्टरीसाठी हीच मुदत ३० ते ६० सेकंदांची आहे. याच पुस्तिकेच्या दोषविभागात अशीही नोंद आहे की, २.४.२० (२००२) पूर्वीच्या लिनक्समध्ये ही प्रमाण पद्धतही नव्हती आणि साठविलेला मजकूर ताजा आहे किंवा नाही, हे अंदाजाने ठरविले जाई.

तडजोड करण्यास आक्षेप नाही. सर्व बाबतींत पूर्ण सुसंगती राखावयाची तर वेगाचा बळी द्यावा लागतो. आक्षेप आहे तो शब्दयोजनेवर. एकदा या वर्तनास 'सुसंगतीचा प्रकार' असे नाव मिळाले की, जुना मजकूर दिसणे हा दोष राहत नाही. तशी अपेक्षा न ठेवणे ही वापरणाऱ्याची चूक ठरते. कायद्याच्या भाषेतील व्याख्या जशी एखादे कृत्य गुन्ह्याच्या कक्षेबाहेर नेते, तसेच येथे घडते. पहिल्या निकषावर ही नोंद उणी ठरते. 'दुसऱ्या संगणकावरील विद्यार्थ्यास तुमचा बदल मिनिटभर दिसणार नाही', असे साधे वाक्य तीत सहसा आढळत नाही.

४.३ जबाबदारीचे हस्तांतरण

तिसरी गती सर्वांत चिंताजनक आहे. सर्व्हर प्रतिसाद देत नसेल तर क्लायंटने काय करावे, या प्रश्नास दोनच उत्तरे संभवतात : अखंड वाट पाहणे किंवा काही वेळाने प्रयत्न सोडून त्रुटी कळविणे. लिनक्समध्ये पहिल्या पर्यायाला 'हार्ड' व दुसऱ्याला 'सॉफ्ट' असे म्हणतात. पहिल्यात प्रोग्रॅम जागीच खिळून राहतो. फार काळ असा प्रोग्रॅम जबरदस्तीने बंदही करता येत नसे. ती अडचण लिनक्सच्या २.६.२५ या आवृत्तीत, २००८ मध्ये दूर झाली. दुसऱ्या पर्यायात संगणक मोकळा होतो, पण लेखन अर्धवट राहू शकते. माहितीपुस्तिका याबाबत निःसंदिग्ध आहे. 'सॉफ्ट' पर्यायाने काही परिस्थितींत मजकुराची हानी कोणताही गाजावाजा न होता होऊ शकते, म्हणून मजकुराच्या सुरक्षिततेपेक्षा संगणकाची तत्परता अधिक महत्त्वाची असेल तेथेच तो वापरावा, अशा आशयाची सूचना तीत आहे.

प्रस्तावनेतील प्रसंग याच सूचनेचे उदाहरण होय. प्रयोगशाळेतील संगणक अडकून पडू नयेत, म्हणून 'सॉफ्ट' पर्याय निवडला गेला होता आणि वाट पाहण्याची मुदतही कमी ठेवली होती. विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅमने फाइल निर्माण केली, तोपर्यंत संपर्क होता. नोंदी क्लायंटच्या स्मृतीत साठल्या. फाइल बंद करताना त्या सर्व्हरकडे जावयाच्या होत्या, त्याच वेळी संपर्क तुटला. क्लायंटने मुदतीपर्यंत वाट पाहिली आणि फाइल बंद करण्याच्या आज्ञेस उत्तर म्हणून त्रुटी कळविली. विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅमने ते उत्तर तपासले नाही व यशाचा संदेश छापला. तिने ते तपासले नाही, कारण आम्ही ते कधी शिकविले नव्हते. फाइल बंद करण्याच्या आज्ञेचे उत्तर न तपासल्यास मजकूर नकळत गमावला जाऊ शकतो आणि एनएफएसच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते, हे लिनक्सच्या पुस्तिकेत त्या आज्ञेच्या पानावर नमूद आहे. वर्गात फळ्यावर लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र ती आज्ञा शेवटच्या ओळीत एकटीच उभी असते.

येथे एक परिचित दृश्य आठवते. औषधाच्या खोक्यात दुष्परिणामांची सविस्तर यादी असलेला कागद असतो. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कापून रुग्णाच्या हातात देतो आणि कागद खोक्यातच राहतो. उत्पादकाने कबुली दिलेली असते, दुकानदाराकडे ती उपलब्ध असते. रुग्णापर्यंत मात्र फक्त गोळी पोहोचते. एनएफएसच्या बाबतीतही निर्मात्याने दोष व्यवस्थापकास सांगितला, व्यवस्थापकाने एका शब्दाचा पर्याय निवडला आणि परिणाम विद्यार्थिनीच्या वाट्याला आला. पर्याय देणे म्हणजे निर्णय देणे नव्हे, तर निर्णयाचे ओझे देणे होय. तिसऱ्या निकषावर, म्हणजे नुकसान कोण सोसणार या प्रश्नावर, पुस्तिका मौन बाळगते.

५. टीकाकारांचे टीकालेखन

एनएफएसवर कठोर टीका झालेली नाही, असे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द युनिक्स-हेटर्स हँडबुक' या ग्रंथात एनएफएसवर एक संपूर्ण प्रकरण असून त्यात आद्याक्षरे तशीच ठेवून तिचे नाव 'दुःस्वप्न' या अर्थाच्या शब्दाने सुरू केले आहे. ही टीका वापरणाऱ्याच्या त्राग्यातून आलेली असल्याने पहिल्या निकषावर ती मूळ दस्तऐवजांपेक्षा सरस ठरते. दोष अंगावर आला म्हणजे कसा वाटतो, हे ती सांगते. तथापि उपहासाच्या ओघात रचनाकारांपुढील अडचणींचा विचार मागे पडतो. सर्व्हरने काहीही लक्षात न ठेवण्याचे तत्त्व त्या काळातील वारंवार बंद पडणाऱ्या यंत्रांच्या संदर्भात समर्थनीय होते, हे मान्य केल्याखेरीज टीका न्याय्य होत नाही.

२००६ मध्ये ओटावा येथील लिनक्स परिसंवादात ओलाफ किर्श यांनी सादर केलेल्या निबंधाचे शीर्षकही असेच बोचरे होते. परंतु किर्श यांनी स्वतः अनेक वर्षे एनएफएसच्या आज्ञावलीवर काम केले होते. त्यांनी केवळ दोष मोजले नाहीत, तर दोषांचे मूळ रचनेच्या तत्त्वात कसे आहे व अन्य पर्याय कितपत समर्थ आहेत, याचीही छाननी केली. आतल्या माणसाने केलेली टीका म्हणून तिचे मोल मोठे आहे. असे असले तरी दोन्ही टीकांचा वाचक जाणकारच आहे. पडद्यावरील संदेशावर विश्वास ठेवणारा विद्यार्थी आणि रिकामी फाइल पाहून निर्णय देणारा परीक्षक हे दोघेही त्यांच्या वाचकवर्गात नाहीत.

येथे असा आक्षेप संभवतो की, प्रत्येक वापरणाऱ्याने माहितीपुस्तिका वाचावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे. हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते असे की, पुस्तिका वाचू शकणाऱ्यांवरील जबाबदारी वाढते. महाविद्यालयात अशी माणसे म्हणजे आपण अध्यापकच होत. खोक्यातील कागद रुग्णाला वाचून दाखविण्याचे काम आपले होते.

६. काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) विद्यार्थ्यांच्या फाइली ज्या डिरेक्टरीत असतात तिच्यासाठी 'सॉफ्ट' पर्याय वापरू नये. संगणक काही काळ अडकून पडणे ही गैरसोय आहे, मजकूर नकळत नाहीसा होणे ही हानी आहे.

(२) फाइल हाताळणीचा पाठ शिकविताना लेखनाच्या व फाइल बंद करण्याच्या आज्ञांची उत्तरे तपासणे हा पाठाचाच भाग मानावा. यास एका तासिकेपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

(३) प्रात्यक्षिक परीक्षेत फाइल रिकामी अथवा अर्धवट आढळल्यास गुणदानापूर्वी संगणकाच्या नोंदवहीतील संदेश पाहावेत. संपर्क तुटल्याची नोंद असल्यास विद्यार्थ्यास प्रोग्रॅम पुन्हा चालविण्याची संधी द्यावी.

(४) प्रयोगशाळेतील ज्ञात दोषांची एक पानी यादी मराठीत तयार करून भिंतीवर लावावी. तीत दोष यंत्राच्या भाषेत न सांगता विद्यार्थ्याच्या अनुभवाच्या भाषेत सांगावेत.

७. समारोप

एनएफएसच्या निर्मात्यांनी दोष लपविले नाहीत, हे या समीक्षेचे पहिले निरीक्षण आहे. १९८५ च्या निबंधातील प्रामाणिकपणा आजच्या कोणत्याही जाहिरातवजा तांत्रिक लेखनापेक्षा श्रेष्ठ आहे आणि त्यातील अनेक संकल्प, विलंबाने का होईना, अन्य हातांनी पूर्ण झाले. दुसरे निरीक्षण असे की, कबुली ही उत्तरदायित्वाची सुरुवात आहे, त्याची पूर्ती नव्हे. ज्याला नुकसान पोहोचते त्याच्या भाषेत व त्याच्या जवळ ती कबुली पोहोचत नाही तोपर्यंत ती लेखकाचे रक्षण करते, वाचकाचे नाही.

त्या परीक्षेनंतर पुढच्या सत्रात आम्ही प्रयोगशाळेतील पर्याय बदलला आणि वर सुचविलेली यादी दाराजवळ लावली. तिचे पहिले वाक्य असे आहे : 'साठविले' असा संदेश आला तरी फाइल एकदा उघडून पाहावी. ते वाक्य विद्यार्थ्यांसाठी आहे. त्याखालील दुसरे वाक्य परीक्षकांसाठी आहे : फाइल रिकामी असली तरी विद्यार्थ्याचे म्हणणे एकदा ऐकून घ्यावे.